राघोबादादा नुसतेच वाईट असते तर

पोरगा अमेरिकेत नोकरीला लागला की आपण म्हणतो, अटकेपार झेंडा लावला. आणि ऑफिसात कुणी कागदावरचा एखादा शब्द फिरवून घोळ घातला की म्हणतो, ‘ध’चा ‘मा’ केला. रोजच्या बोलण्यातले दोन वाक्प्रचार, एक कौतुकाचा, एक निंदेचा. दोन्ही एकाच माणसाच्या आयुष्यातून आलेत, हे मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तो माणूस म्हणजे रघुनाथराव बाजीराव पेशवे, आपले राघोबादादा.

थोडं मोठं लिहितोय मंडळी, सवडीने वाचा. विषय गोष्टी सांगण्याचा आहे. हल्ली ऐतिहासिक सिनेमा आला, मालिका आली की त्यातला खलनायक बघून मला कंटाळा येतो. डोळ्यांत सुरमा, हातात मांसाचा तुकडा, विनाकारण गडगडाटी हसणं. तो वाईट का झाला? तर वाईट आहे म्हणून. असा खलनायक दाखवला की नायकही लहान होतो. अफझलखानच घ्या. तो वाईचा सुभेदार राहिलेला, हा मुलूख ओळखून असलेला, आदिलशाहीचा मातब्बर सरदार होता. त्याला मूर्ख दाखवलात, तर प्रतापगडावर महाराजांनी हरवलं कुणाला?

पण खान परका. परक्याला काळा रंग फासणं सोपं. राघोबादादा घरचे आहेत, म्हणून त्यांची गोष्ट अवघड आहे आणि म्हणूनच ती चांगली आहे.

शाळेत आपण शिकलो तो दादांचा परिच्छेद साधारण असा: सत्तेचा लोभी काका, दुष्ट काकू, गारद्यांना सुपारी, पुतण्याचा खून, मग इंग्रजांशी हातमिळवणी. यातलं काही खोटं नाही. पण एवढंच सांगितलं तर ही पोलीस ठाण्यातली फिर्याद होते. गोष्ट व्हायला आणखी काही लागतं.

दादांचा जन्म १७३४ चा, साताऱ्याजवळच्या माहुलीचा. थोरल्या बाजीरावांचे धाकटे चिरंजीव. वडील गेले तेव्हा हे सहाही वर्षांचे नव्हते. थोरले बंधू नानासाहेब पेशवे झाले आणि दादा तलवारीच्या बाजूला वळले. उत्तरेत त्यांनी मोहिमा केल्या, आणि एप्रिल १७५८ मध्ये मराठी फौज लाहोरात शिरली ती त्यांच्या सरदारीखाली. फौजा पुढे अटकेपर्यंत गेल्या. दादांचं वय तेव्हा तेवीस. लाहोरहून त्यांनी नानासाहेबांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे, त्यात काबूल-कंदाहारच्या सुभ्यांपर्यंतचे बेत आहेत. तेवीस वर्षांच्या पोराने वडिलांच्या वरचढ मजल मारली होती. ही झिंग कुणालाही चढेल.

आणि मग ते पुण्यात परत आले, आणि घरी हिशेब मागितला गेला. मोहिमेतून तिजोरी भरली नव्हती, उलट कर्ज झालं होतं. सदाशिवरावभाऊ हिशेबाला चोख माणूस. दादांचा स्वभाव पहिल्यापासून खर्चिक आणि भोळसट, मागेल त्याला कबूल करणारा. चुलतभावाभावांत खडाजंगी झाली. पुढे अब्दालीवर जायची वेळ आली तेव्हा मोहीम भाऊंकडे गेली, आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर काय झालं ते मराठी माणसाला सांगायला नको. उत्तरेचा अनुभव असलेला माणूस दक्षिणेत राहिला, आणि गेलेले परत आले नाहीत. दादा गेले असते तर काय झालं असतं, या प्रश्नाला उत्तर नाही. पण त्यांच्या स्वतःच्या डोक्यात तो प्रश्न आयुष्यभर फिरला नसेल, असं मला तरी वाटत नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब पर्वतीवर वारले. गादीवर कोण? माधवराव, वय सोळा. आणि शेजारी उभा सव्वीस वर्षांचा काका, ज्याच्या नावावर लाहोर आहे. पेशवेपद कागदोपत्री छत्रपतींनी द्यायचं, पण भट घराण्यात ते बापामागे थोरल्या मुलाकडे जायचं, असा पायंडा पडलेला. पायंडाच तो. सोळा वर्षांचा पोरगा धनी आणि आपण त्याचे कारभारी, हे दादांना पटणं कठीण होतं. बरं, त्या वेळी दरबारातल्या बऱ्याच जणांना दादांचंच बरोबर वाटत होतं, हेही लक्षात घ्या. पुढे माधवराव केवढे मोठे निघाले हे आपल्याला माहीत आहे. १७६१ साली ते कुणालाच माहीत नव्हतं.

इथून पुढची सात वर्षं म्हणजे आपल्याकडे लिहिल्या गेलेल्या कुठल्याही कादंबरीपेक्षा सरस आहेत. १७६२ मध्ये काका-पुतण्यांत उघड लढाई झाली. दादांनी निजामाची मदत घेतली, आणि आळेगावला माधवरावांनी शरणागती पत्करली. राज्य फुटण्यापेक्षा काकाच्या कैदेत राहिलेलं बरं, असा तो हिशेब. दुसऱ्याच वर्षी, १० ऑगस्ट १७६३, राक्षसभुवन. त्याच निजामाच्या फौजेने गोदावरीकाठी दादांना कोंडीत पकडलं, आणि सोडवायला धावून आला तो हाच पुतण्या. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथे मारला गेला. विचार करा, ज्याला तुम्ही नजरकैदेत ठेवलं त्या अठरा वर्षांच्या मुलाने तुमचा जीव वाचवला. अशा उपकाराचं ओझं माणसाला सुधारतं किंवा आणखी कडू करतं. दादांच्या बाबतीत दोन्ही झालं, आलटून पालटून. कधी पुतण्याबरोबर मोहिमेला, कधी राज्याची अर्धी वाटणी द्या म्हणून रुसून बसलेले. अखेर १७६८ मध्ये नाशिककडच्या धोडप किल्ल्यावर माधवरावांनी त्यांना हरवलं आणि शनिवारवाड्यात आणून कोंडलं.

राज्याची वाटणी. हा शब्द ऐकून हसू येतं, पण ज्याच्या घरी सातबाऱ्यावरून दोन पिढ्या कोर्टात गेल्यात त्याला येणार नाही. बांधावरची भांडणं आणि शनिवारवाड्यातलं भांडण, जात एकच. (काका-पुतण्या म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कुठली नावं आली ते मला कळतंय. ती तुमच्याजवळच ठेवा.)

तर, १८ नोव्हेंबर १७७२ ला माधवराव थेऊरला क्षयाने गेले. वय सत्तावीस. जाण्याआधी त्यांनी काकांना बोलावून धाकट्या नारायणरावाला त्यांच्या हवाली केलं. म्हणजे ज्याला चार वर्षं कोंडून ठेवलं, त्याच्याच भरवशावर भाऊ सोडून जायचं. माधवरावांना दादा कळले होते असं मला यावरून वाटतं. हा माणूस मुळात दुष्ट नाही, कच्चा आहे, आणि जबाबदारी टाकली तर कदाचित पेलेल, असा तो शेवटचा डाव असावा.

डाव फसला. नारायणराव सतरा वर्षांचे, तापट, कारभाऱ्यांच्या सल्ल्याने चालणारे. काही महिन्यांतच दादा पुन्हा वाड्यात कैदेत पडले. तिकडे गारद्यांचे पगार थकलेले. एका बाजूला कैदेतला काका, दुसऱ्या बाजूला पगारासाठी चिडलेले हत्यारबंद शिपाई, आणि दोघंही एकाच वाड्यात. पुढचं सांगायला ज्योतिषी नको.

३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. वाड्यात गणपती बसलेले, अनंत चतुर्दशी उद्यावर आलेली. भरदिवसा सुमेरसिंग गारदी आणि त्याचे साथीदार आत घुसले. नारायणराव पळत पळत काकांकडेच गेले आणि त्यांना बिलगले. सगळ्या गोष्टीचा जीव इथे आहे. मारेकरी पाठीमागे असताना मुलगा ज्याच्याकडे धावला, तो काकाच होता. अठरा वर्षांच्या पोराला त्या क्षणीही वाटलं की हा आपल्याला वाचवेल. अंगावर पडून आडवा आलेला चापाजी टिळेकर हा सेवक त्यांच्याबरोबर कापला गेला. जीव द्यायला नोकर पुढे आला, काका नाही.

आता हाच प्रसंग सपाट खलनायक घेऊन लिहून बघा. काका दुष्ट, आधीच ठरवलेलं, पुतण्या आला, मारला. वाचणाऱ्याला धक्का बसेल, पण पोटात कालवणार नाही. कारण त्यात ‘कदाचित’ नाही. दादा थांबवू शकले असते, त्यांच्या स्वभावात ते होतं, आणि तरी थांबवलं नाही किंवा थांबवता आलं नाही. ज्याच्यात चांगलं वागण्याची शक्यताच नाही, त्याने वाईट वागण्यात कसली आली गोष्ट? राक्षसभुवनला पुतण्याने हात दिलेला माणूस दहा वर्षांनी, त्याच ऑगस्ट महिन्यात, दुसऱ्या पुतण्याला हात देत नाही. मला हे वाचताना दर वेळी पुस्तक खाली ठेवावं लागतं.

आता ‘ध’चा ‘मा’. नारायणरावाला ‘धरावे’ असा हुकूम दादांनी दिला आणि आनंदीबाईंनी तो ‘मारावे’ असा केला, ही कथा. ती छापील इतिहासात ठळकपणे येते ग्रँट डफच्या ग्रंथात, १८२६ साली. म्हणजे खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी, पेशवाई बुडाल्यावर. कागदात फेरफार झाल्याचं रामशास्त्र्यांच्या चौकशीत निघालं असं डफ सांगतो, आणि फेरफार आनंदीबाईंनी केला असा सर्वसाधारण समज असल्याचं सांगतो. समज! या एका समजावर गुहागरच्या ओकांची ही लेक अडीचशे वर्षं बदनाम आहे.

ही कथा करते काय ते बघा. ती दादांवरचा खुनाचा डाग पुसून फक्त अटकेचा गुन्हा ठेवते. लोकांना अटकेपारचा वीर पुरता टाकवत नव्हता, त्याच्याबद्दल हळहळ होतीच. मग ते पाप ठेवायला कुणीतरी हवं होतं, आणि बायको सापडली. म्हणजे एका खलनायकाला माणूस करण्यासाठी दुसरीला राक्षसीण केलं. याला मी सहानुभूती म्हणत नाही, ही ओझ्याची अदलाबदल झाली. आनंदीबाईंचं कोण समजून घेणार? नवरा वर्षानुवर्षं कैदेत, आपल्या पोरांचं भविष्य काय याची धास्ती, भोवती सगळे विरोधी पक्षाचे कारभारी. खुनात त्यांचा हात असेल वा नसेल, पण त्यांच्याकडे कारणं होती. आपण त्यांना फक्त एक अक्षर दिलं.

नाटकवाल्यांना हा माल पहिल्यापासून कळला. विनायक जनार्दन कीर्तन्यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ चं, मराठीतल्या सुरुवातीच्या स्वतंत्र नाटकांपैकी. पण खरी मजा कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची आहे. या एकाच लेखकाने दोन-तीन वर्षांत दोन वेगळ्या जातींचे खलनायक उभे केले. ‘कीचकवध’ १९०७ चं. त्यातला कीचक पाहून प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला, आणि सरकारलाही दिसला, १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. तिथे कीचकाबद्दल दया नको होती. परकी सत्ता उरावर बसलेली असताना लोकांना चीड आणायची तर सपाट खलनायकच कामाचा, हे मान्य करायला पाहिजे. मग १९०९ ला त्याच खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’ आलं. विषय नारायणरावांचा खून आणि रामशास्त्र्यांचा न्याय. इथे राघोबा एकीकडे बायको आणि दुसरीकडे न्याय अशा ओढाताणीत सापडलेला. समीक्षक त्यात ‘मॅकबेथ’ची छाया दाखवत आलेत. काळ बघा: दोनच वर्षांपूर्वी सुरतेला काँग्रेस फुटलेली, टिळक मंडालेच्या तुरुंगात, आणि खाडिलकर टिळकांच्या ‘केसरी’तले. शत्रूसाठी कीचक, आणि आपल्या माणसांसाठी राघोबा. कुठे काय वापरायचं हे त्या माणसाला बरोबर कळत होतं.

आज आपण नेमकं उलट करतोय असं वाटतं. घरातल्या, गावातल्या, पक्षातल्या विरोधकालाही कीचक करून टाकतो. एकदा कीचक म्हटलं की पुढचे प्रश्न संपले. पगार कुणी थकवले, वारसाचा नियम पक्का का नव्हता, हत्यारबंद पहारेकऱ्यांच्या हाती धन्याचा वाडा कुणी दिला, हे कोण विचारणार? घाशीराम कोतवालाचं तेच झालं. १७९१ मध्ये लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं आणि पुणं शांत झालं. त्याला कोतवाली देणाऱ्या नाना फडणवीसांना कुणी काही विचारलं नाही. तो प्रश्न १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांनी रंगमंचावर विचारला तेव्हा केवढा गदारोळ झाला! घाशीराम वाईट आहे हे दाखवलं याला कुणाचीच हरकत नव्हती. तो कसा तयार झाला हे दाखवलं, ते झोंबलं.

दादांबद्दल एवढं लिहिल्यावर ‘म्हणजे तुम्ही खुन्याची बाजू घेता का’ असं विचारणारे भेटणारच. नाही घेत. बाजू घ्यायची असती तर इथेच थांबलो असतो, कारण पुढचा भाग जास्त वाईट आहे. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, ती दादांपर्यंत पोचली. या गुन्ह्याला देहान्त प्रायश्चित्तच, असं तोंडावर सांगून शास्त्री पुणं सोडून गेले अशी परंपरा आहे. शास्त्रीही मूळ माहुलीचेच, दादांच्या जन्मगावचे. बारभाईंनी कट केला, नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई पुरंदरावर बाळंत झाल्या, आणि १८ एप्रिल १७७४ ला जन्मलेलं चाळीस दिवसांचं मूल पेशवा झालं. दादांच्या पायाखालची जमीन सरकली. मार्च १७७५ मध्ये सुरतेला त्यांनी इंग्रजांशी करार केला, आणि मदतीच्या बदल्यात साष्टी आणि वसई लिहून दिली.

वसई कुणी घेतली होती? चिमाजीआप्पांनी, १७३९ मध्ये, पोर्तुगीजांकडून, हजारो माणसं खर्ची घालून. चिमाजीआप्पा म्हणजे दादांचे सख्खे काका. भावाच्या पोटी जन्मलेल्या पुतण्यांच्या राज्यासाठी झिजलेला काका. त्या काकाने मिळवलेलं या काकाने एका सहीत दिलं. वसई पुढच्या तहांत वाचली, साष्टी गेली ती गेलीच. आज वांद्र्यापासून ठाण्यापर्यंत जी अफाट वस्ती आहे, ती जमीन ही. दादांना समजून घेतलं म्हणजे हा हिशेब माफ होत नाही. उलट अटकेपर्यंत गेलेल्या माणसाने ही सही केली हे कळल्यावर ती जास्त बोचते.

नंतरचं थोडक्यात. इंग्रज त्यांना घेऊन बोरघाट चढले, जानेवारी १७७९ मध्ये वडगावला कोंडीत सापडले, आणि सुटका करून घ्यायला दादांना महादजी शिंद्यांच्या हवाली करायला तयार झाले. दादा तिथूनही निसटले. १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला तेव्हा ज्यांच्यासाठी हे युद्ध सुरू झालं त्या दादांच्या वाट्याला वर्षाला तीन लाखांची नेमणूक आली. पुढच्याच वर्षी, ११ डिसेंबर १७८३ ला, गोदावरीकाठी कोपरगावला ते वारले. वय एकोणपन्नास.

त्यांच्या मागे आनंदीबाई आणि मुलं नाना फडणवीसांच्या पहाऱ्यात राहिली. कोपरगाव, मग नाशिकजवळ आनंदवल्ली. तिथेच १७९४ मध्ये बाई गेल्या. मुलांना जुन्नरला हलवलं. थोरला बाजीराव, जन्म १७७५ चा, बाप पळत असताना धारला जन्मलेला. सगळं लहानपण कैदेत, कारण काय तर बापाचं नाव. पुढे हाच दुसरा बाजीराव, ज्याने १८०२ च्या शेवटच्या दिवशी वसईलाच इंग्रजांपुढे सही केली.

पण त्याच्या आधीची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. पुण्यात नानांच्या कडक शिस्तीत वाढलेले सवाई माधवराव आणि जुन्नरला कैदेत असलेला बाजीराव यांच्यात गुपचूप चिठ्ठ्या चालू झाल्या होत्या. एक खून झालेल्याचा मुलगा, दुसरा खुनाचा आरोप असलेल्याचा. दोघं विशीतले, दोघंही एका अर्थाने कोंडलेले, आणि एकमेकांची ओळख करून घ्यायला उत्सुक. नानांना पत्ता लागला. ते भडकले, निरोप पोचवणाऱ्याला कैद झाली, धन्यालाही बोल ऐकावे लागले. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जातून खाली पडले आणि दोन दिवसांनी गेले. वय एकवीस. वर्षभराने त्यांच्या गादीवर बसायला जुन्नरहून बाजीरावालाच आणावं लागलं.